डीएलएस आणि लेझर डिफ्रॅक्शन: लेझर दोन्हीकडे, मोजमाप मात्र वेगळं

दोन्ही यंत्रांत बहुधा ६३३ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल लेझर असतो. दोन्हींत द्रवातल्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि शेवटी ‘पार्टिकल साइज’ म्हणून आकडा हाती येतो. म्हणून डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, म्हणजे डीएलएस, आणि लेझर डिफ्रॅक्शन यांची सर्रास गल्लत होते. एकाच सॅम्पलचे दोन अहवाल जुळले नाहीत की कॅलिब्रेशनवर खापर फुटतं. खरं तर डीएलएस घड्याळ लावून बसतं आणि डिफ्रॅक्शन कोन मोजतं.

डीएलएसमध्ये कणाची हालचाल हाच सगळा मजकूर. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात कण थरथरतात, तसा डिटेक्टरवर पडणारा प्रकाश कमी-जास्त होतो. लहान कण चपळ, म्हणून चढउतार झरझर. मोठे कण सुस्त. २५ अंश सेल्सियसला पाण्यातला १०० नॅनोमीटरचा कण घ्या. १७३ अंशांच्या कोनात बसवलेल्या डिटेक्टरला त्याच्या प्रकाशाच्या तीव्रतेचं आधीच्या क्षणाशी असलेलं साम्य साधारण ०.१५ मिलिसेकंदात ओसरताना दिसतं. या ओसरण्यावरून विसरण गुणांक, म्हणजे कण किती झपाट्याने पसरतो तो आकडा, काढतात आणि स्टोक्स-आइनस्टाइन समीकरणातून व्यास. हा व्यास कणाभोवतीच्या पाण्याच्या आणि पॉलिमरच्या थरासकटचा असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपेक्षा आकडा थोडा मोठा येणं स्वाभाविक आहे.

डिफ्रॅक्शनला हालचालीशी देणंघेणं नाही. मोठा कण प्रकाश अरुंद कोनात फेकतो, लहान कण रुंद कोनात. १०० मायक्रॉनच्या कणाचं पहिलं काळं वलय साधारण ०.४४ अंशावर पडतं, १० मायक्रॉनच्या कणाचं ४.४ अंशांवर. समोरची लेन्स अशी बसवलेली असते की कण झोतात कुठेही सरकला तरी वलय जागचं हलत नाही. म्हणूनच इथे पंप आणि स्टरर लावून सॅम्पल सतत फिरवत ठेवतात. तोच प्रवाह डीएलएसच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या पारदर्शक पात्रात, असला तर निकाल फुकट. तिथे द्रव शांतच हवा.

डीएलएसमध्ये चुका होतात त्या बहुतेक सॅम्पल बनवताना. पातळ करण्यासाठीचा द्रव आधी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. लेटेक्स प्रमाणकासाठी, म्हणजे यंत्र तपासायच्या ठरावीक आकाराच्या कणांसाठी, साधं डिस्टिल्ड पाणी वापरू नका. क्षार नसले की कणाभोवतीचा विद्युतभारित थर फुगतो आणि व्यास काही नॅनोमीटरनी वाढतो. १० मिलिमोलर मिठाचं पाणी घेतलं की हा प्रश्न मिटतो. सॅम्पल दाट असेल तर प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आणि आकार खोटा लहान दिसतो. म्हणून सॅम्पल दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांत पातळ करून मोजा आणि आकडा स्थिर राहतो का, ते बघा. क्युव्हेट ठेवल्यावर किमान दोन मिनिटं तापमान जुळू द्या, कारण एका अंशाच्या फरकाने पाण्याची स्निग्धता (व्हिस्कॉसिटी) सुमारे २ टक्क्यांनी बदलते. सॉफ्टवेअरमध्ये स्निग्धता पाण्याची आणि क्युव्हेटमध्ये २० टक्के ग्लिसरॉल, हा घोळ तर नेहमीचाच. १०० नॅनोमीटरचा कण मग १७०च्या घरात जातो. अहवालातल्या आकड्याआधी कोरेलोग्राम, म्हणजे ते साम्य ओसरतानाचा आलेख, बघावा. शेपटीला उंचवटा असेल तर धूळ किंवा गुठळ्या आहेत. पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स, म्हणजे आकारांतल्या विविधतेचं माप, ०.१च्या आत असेल तर उत्तम, ०.५च्या वर गेला की झेड-ॲव्हरेज, म्हणजे डीएलएसचा सरासरी व्यास, हा एकच आकडा मिरवण्यात अर्थ नाही.

डिफ्रॅक्शनचं दुखणं दुसरंच. आधी फक्त द्रवाचं बॅकग्राउंड घ्या, मग सॅम्पल थोडं थोडं सोडत ऑब्स्क्युरेशन, म्हणजे कणांमुळे झोतातला किती प्रकाश अडतो ते, साधारण ५ ते १५ टक्क्यांवर आणा. बारीक पावडरीसाठी त्याच्या खालच्या टोकाला. स्टररचा वेग कमी असेल तर जड कण तळाशी बसतात आणि डी९०, म्हणजे ९० टक्के घनफळ ज्याच्या खाली येतं तो व्यास, खोटा लहान येतो. वेग फार वाढवला तर हवेचे बुडबुडे शिरतात आणि शंभर मायक्रॉनच्या पलीकडे नसलेला डोंगर उभा राहतो. सोनिकेशन करताना, म्हणजे अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोडताना, डी५० (अर्धं घनफळ ज्याच्या खाली येतं तो व्यास) उतरत जाऊन एका पातळीवर थांबला की थांबा. तो थांबतच नसेल तर गुठळ्यांबरोबर कणही फुटत असावेत. आणि अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वाकवतो तो आकडा! काही मायक्रॉनच्या खाली ‘मी’ (Mie) यांचा प्रकाश विखुरण्याचा सिद्धांत वापरावाच लागतो. त्यात कणाचा अपवर्तनांक किंवा शोषणाचा आकडा अंदाजाने टाकला की बारीक कणांचं भुताटकीचं शिखर उगवतं.

दोन अहवाल जुळत नाहीत त्याचं मोठं कारण म्हणजे मोजणीचं वजन. डीएलएस मुळात प्रकाशाच्या तीव्रतेने मोजतं आणि लहान कणांसाठी ती व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. १०० नॅनोमीटरचा एकच कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश फेकतो. डिफ्रॅक्शनचा अहवाल घनफळाचा असतो, तिथे हाच कण हजारांच्या बरोबरीचा. त्यामुळे झेड-ॲव्हरेज आणि डी५० शेजारी ठेवून ‘फरक इतके टक्के’ असं लिहिणं म्हणजे किलो आणि लिटरची वजाबाकी.

दोन्ही यंत्रं पोहोचतात तो पट्टा साधारण ०.१ ते काही मायक्रॉनचा, आणि तिथे घनता निर्णायक ठरते. पाण्यातला १ मायक्रॉनचा रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडचा कण सेकंदाला सुमारे २ मायक्रॉन खाली बसतो. थरथरीने मात्र तेवढ्या वेळात तो एका दिशेत जेमतेम १ मायक्रॉन सरकतो. इथे डीएलएस पडणाऱ्या कणाचं गणित करत बसतं, तेव्हा डिफ्रॅक्शन घ्यावं. त्याच आकाराचा पॉलिस्टायरीनचा कण पाण्याहून किंचितच जड, त्याला डीएलएस चालतं.

दुधात दोन्हींची वाटणी स्वच्छ दिसते. केसीन या दुधातल्या प्रथिनाचे गोळे १५० ते २०० नॅनोमीटरच्या आसपास असतात. त्यांच्यासाठी स्निग्धांश काढलेलं दूध आणि डीएलएस. पातळ करताना नुसतं पाणी नको, कॅल्शियम निसटून गोळे विरघळू लागतात. कच्च्या दुधातले स्निग्धांशाचे थेंब काही मायक्रॉनचे; त्यांच्यासाठी डिफ्रॅक्शन, आणि सॅम्पलमध्ये ईडीटीए हे कॅल्शियम ओढून घेणारं रसायन, जेणेकरून केसीनचे गोळे मुद्दाम मोडून मोजणीत फक्त थेंब उरतील.