वेब सर्व्हरच्या दारातला एजंट: त्याचे कॉन्फिगरेशन कुठून कुठे गेले

कंपनीच्या पोर्टलवर सकाळी एकदा लॉगइन केले की पगारपत्रक, रजेचा अर्ज, प्रवासाची बिले, सगळे पुन्हा पासवर्ड न विचारता उघडते. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत यामागे अजूनही एक छोटा प्रोग्राम असतो. अपाचे किंवा आयआयएससारख्या वेब सर्व्हरमध्ये तो मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, म्हणून बसतो आणि प्रत्येक रिक्वेस्ट अ‍ॅप्लिकेशनपर्यंत पोचण्याआधी अडवतो. हा वेब एजंट. कोणाला आत सोडायचे हे तो स्वतः ठरवत नाही. कोणाला काय उघडता येईल याचे नियम सांभाळणाऱ्या पॉलिसी सर्व्हरला विचारतो आणि आलेला हुकूम पाळतो.

त्याआधी प्रत्येक साइटचे कुलूप वेगळे होते. फोल्डरमध्ये प्रवेशाचे नियम लिहिलेली एचटीअ‍ॅक्सेस फाइल, शेजारी पासवर्डची फाइल. माणूस नोकरी सोडून गेला की दहा सर्व्हरवरून दहा वेळा त्याचे नाव काढायचे, आणि एखाद्या ठिकाणी ते हमखास राहून जायचे. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, आणली आणि एकदा पटवलेली ओळख पुढच्या रिक्वेस्टसोबत नेण्याची सोय झाली. त्या पायावर त्या दशकाच्या अखेरीस नेटेग्रिटीचे साइटमाइंडर, ऑब्लिक्सचे नेटपॉइंट, सिक्युरंटचे क्लिअरट्रस्ट अशी उत्पादने उभी राहिली. डॅसकॉमकडून आयबीएमकडे आलेल्या वेबसीलची वाट निराळी होती: सर्व्हरगणिक एजंट न बसवता सगळ्यांच्या पुढ्यात एकच रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे सगळ्या रिक्वेस्ट आधी आपल्याकडे घेणारा मधला सर्व्हर.

साइटमाइंडरच्या चौथ्या मालिकेतले एजंट आपली सेटिंग्ज त्याच मशीनवरच्या वेबएजंट.कॉन्फ फाइलमध्ये ठेवत. चाळीस सर्व्हर म्हणजे चाळीस फाइली. कुकीचे डोमेन, म्हणजे ती कुठल्या साइटनावांवर चालेल ते, बदलायचे तर चाळीस ठिकाणी लॉगइन करून फाइल उघडायची, आणि एकात टिंब चुकले की तेवढ्याच साइटवर लोक लॉगइन पानाच्या फेऱ्यात अडकायचे. पाचव्या मालिकेत ही सेटिंग्ज पॉलिसी सर्व्हरकडे गेली, एजंट कॉन्फिगरेशन ऑब्जेक्ट या नावाने. मशीनची आधी ‘ट्रस्टेड होस्ट’ म्हणून नोंदणी करायची, मग एजंटने सुरू होताना आपली सेटिंग्ज वरून मागून घ्यायची. सन मायक्रोसिस्टिम्सच्या घरातही हेच झाले. २.२ आवृत्तीपर्यंत एजंटची प्रॉपर्टीज फाइल मशीनवर. २००८ मध्ये ओपनएसएसओ या सनच्या लॉगइन व्यवस्थेसोबत आलेल्या ३.० एजंटपासून ती मध्यवर्ती ठेवता येऊ लागली.

तरी स्थानिक फाइल पूर्ण गेली नाही, आणि जाऊही शकत नाही. मध्यवर्ती सर्व्हरला विचारायचे तर तो कुठे आहे आणि आपण कोण, एवढे तरी एजंटला आधी ठाऊक हवे. म्हणून वेबएजंट.कॉन्फमध्ये एजंट चालू की बंद, कुठला ऑब्जेक्ट वाचायचा, होस्टची फाइल कुठे आहे, अशा मोजक्या ओळी राहिल्या. त्यातली ‘चालू की बंद’ ही ओळ मला सर्वांत नाजूक वाटते. वर हजार नियम लिहा. इथे ‘नो’ असले तर त्या सर्व्हरवर एकही लागू होत नाही.

सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे ते मात्र तपासणीतून सूट दिलेल्या पत्त्यांच्या यादीकडे. तिची पार्श्वभूमी साधी आहे. एका पानावर तीस चित्रे असतील तर एजंटला पॉलिसी सर्व्हरकडे तीस वेळा चौकशी करावी लागली असती, आणि तेव्हाच्या यंत्रांना तो भार जड होता. म्हणून साइटमाइंडरमध्ये ‘इग्नोअर एक्स्टेन्शन’ हे सेटिंग आले: जीआयएफ, जेपीजी, पीएनजीवर संपणारा पत्ता न विचारता सोडायचा. पण काही अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर पत्त्याचा सुरुवातीचा भागच ओळखतात आणि मागचे शेपूट सोडून देतात. मग पगारपत्रकाच्या पत्त्याच्या शेवटी कोणी ‘/क.जीआयएफ’ जोडले, तर एजंटला ते चित्र वाटते आणि अ‍ॅप्लिकेशनला पगारपत्रक. वेगासाठी दिलेल्या सवलतीतून अशी वाट तयार झाली.

दुसरी वाट हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींमधून, जाते. ओळख पटली की एजंट युजरचे नाव एसएम-युजर या हेडरमध्ये घालतो आणि मागचे अ‍ॅप्लिकेशन त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. अ‍ॅप्लिकेशनचा पोर्ट नेटवर्कवर थेट उघडा राहिला, तर तोच हेडर कोणीही हाताने लिहून पाठवू शकतो. तिथे एजंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये काहीच चुकलेले नसते. दार पक्के असते आणि मागची खिडकी उघडी.

पुढे मालक बदलत गेले. क्लिअरट्रस्ट २००१ मध्ये आरएसएकडे, साइटमाइंडर २००४ मध्ये सीएकडे आणि २०१८ मध्ये ब्रॉडकॉमकडे, नेटपॉइंट २००५ मध्ये ओरॅकलकडे. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतल्यावर ओपनएसएसओचा धागा फोर्जरॉकने ओपनएएम म्हणून पुढे नेला. पण सेटिंग्जची नावे तशीच राहिली. ओपनएएमच्या सेशन कुकीचे मूळ नाव आयप्लॅनेट-डिरेक्टरी-प्रो. आयप्लॅनेट हा सन आणि नेटस्केपच्या युतीचा ब्रँड. एजंटच्या कितीतरी प्रॉपर्टीजची सुरुवात कॉम.सन.आयडेंटिटी अशी होत राहिली.

सूट दिलेल्या पत्त्यांची यादीही अशीच वारशाने येते. एका ठिकाणी जुने एजंट काढून नवे बसवताना ती यादी मी ओळीने वाचली. ‘टेस्ट’ नावाच्या एका फोल्डरला सूट होती. ती कोणी दिली, का दिली, कुठेच नोंद नव्हती, आणि त्या फोल्डरमधून खरे अ‍ॅप्लिकेशन उघडत होते. त्या दिवशी आम्ही प्रत्येक ओळीवर तारीख, कारण आणि मागणाऱ्या टीमचे नाव लिहायला घेतले. ज्या ओळींना कारण सापडले नाही, त्या आधी चाचणी सर्व्हरवर काढून पाहिल्या.