जुवेंतुस (साओ पाउलो)

ब्राझीलमधील साओ पाउलो शहराच्या मोका या गिरणवस्तीतला व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्थापना २० एप्रिल १९२४. इटलीहून आलेल्या रोदोल्फो क्रेस्पी यांच्या सूतगिरणीतल्या कामगारांनी तो उभा केला. शहरातला १९१७ चा मोठा संप याच गिरणीतून पेटला होता. गिरणीचे नाव लावणारा हा संघ १९३० मध्ये ‘क्लूबे आत्लेतिको जुवेंतुस’ झाला. नाव इटलीतल्या तुरिन शहरातील जुवेंतुस क्लबचे, जर्सीचा डाळिंबी रंग मात्र त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी तोरिनोचा. त्याच वर्षी बलाढ्य कोरिंथियन्सला हरवल्यावर ‘मोलेकी त्रावेसो’, म्हणजे खोडकर पोरगा, हे टोपणनाव चिकटले.

रुआ जावारीवरचे मैदान हा क्लबचा जीव. जेमतेम चार हजार प्रेक्षकांची जागा आहे आणि कुंपण इतके जवळ, की कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूला मागच्या माणसाचे बोलणे शब्दन् शब्द ऐकू येते. दशकानुदशके इथे प्रकाशझोत नव्हते, म्हणून सामने दिवसाउजेडी होत. मध्यंतरात कानोलीसाठी रांग लागते: तळलेली कुरकुरीत नळी, आत गोड क्रीम. २ ऑगस्ट १९५९ रोजी सांतोसने इथे ४-० असा विजय मिळवला. त्यात पेलेने चेंडू खाली पडू न देता बचावपटूंच्या, मग गोलरक्षकाच्याही डोक्यावरून उडवला आणि हेडरने जाळ्यात घातला. आपला सर्वांत सुंदर गोल तो हाच मानी. चित्रफीत नाही, मैदानात पेलेचा अर्धपुतळा आहे.

१९८३ मध्ये सीएसए या क्लबला हरवून राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीची ‘तासा दे प्राता’ जिंकली, ही सर्वोच्च कामगिरी.

अशा क्लबांची खरी अडचण वेळापत्रकाची. राज्याच्या दुसऱ्या श्रेणीत (ए-२) अलीकडे १६ संघ असतात. प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे १५ सामने; पहिले आठ बाद फेरीत, दोघांना बढती, तळच्या दोघांची घसरण. जानेवारीत सुरुवात, एप्रिलपर्यंत सगळे आटोपते. लागोपाठ तीन पराभव झाले की सावरायला सामनेच उरत नाहीत. कायद्याने करार किमान तीन महिन्यांचा; बरेच करार त्याच्या आसपासच असतात. हंगाम संपताच खेळाडू पांगतात आणि पुढच्या वर्षी संघ नव्याने जुळवावा लागतो. पोटासाठी धडपडणाऱ्या खेळाडूला यात दोष देता येत नाही.

वर्षाच्या उत्तरार्धात उरतो तो कोपा पाउलिस्ता, म्हणजे राज्याचा चषक. त्यातून कोपा दो ब्राझील, म्हणजे राष्ट्रीय चषक, किंवा राष्ट्रीय चौथ्या श्रेणीचे दार उघडते. जुवेंतुसने तो २००७ मध्ये जिंकला आणि २००८ चा कोपा दो ब्राझील खेळला.