काड्या पूर्ण, तरी नेट का अडतं?

हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत हे रोज घडतं: फोनवर ५जी, रेंजच्या काड्या पूर्ण आणि व्हिडिओ कॉलवरचा माणूस गोठलेला. पुण्यात ५जी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून ‘टॉवर वाढवले की झालं’ ही समजूतही घट्ट आहे. पण पुष्कळदा टॉवर जवळच असतो. त्याला तुमचा फोन नीट ऐकू येत नसतो.

५जीचा टॉवर अनेक छोट्या अँटेना शेजारी-शेजारी लावून आपली लहर फोनच्या दिशेला वळवतो. ५जीच्या लहरींचा मुख्य पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर. शेजारच्या अँटेनांमध्ये तिच्या निम्मं, म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर अंतर ठेवलं, तरी हातभर रुंदीत आठ अँटेना सहज मावतात. ७०० मेगाहर्ट्झला हीच रचना पाचपट रुंद करावी लागेल.

आठही अँटेनांनी एकच लहर एकाच क्षणी सोडली, तर ती समोर जोरदार जाते. ३० अंश उजवीकडे वळवायची असेल, तर डावीकडून सुरुवात करून उजवीकडच्या प्रत्येक अँटेनाला आधीच्यापेक्षा पाव आवर्तन उशीर द्यायचा. हा उशीर किती? सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे चौदा तुकडे केले, तर त्यातला एक. तेवढ्याने आठही लहरींचे उंचवटे त्या दिशेला एकमेकांवर बसतात. एकूण वीज तेवढीच, पण एका अँटेनाच्या मानाने त्या दिशेला आठपट जोर आणि झोत जेमतेम १३ अंशांचा. कुठलाही भाग हलत नाही, सगळं काम वेळेच्या हिशोबाचं. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ३० तबकड्या आकाशातून आलेल्या लहरी अशाच वेळ जुळवून एकत्र करतात.

‘झोत’ म्हटलं की पक्षी मरतात, कोरोना पसरतो असले संदेश आठवतात. या लहरीच्या एका कणाची ऊर्जा दिव्याच्या प्रकाशकणाच्या लाखाव्या हिश्शाएवढीही नसते. तिने रेणू तुटत नाहीत, आणि विषाणू तर रेडिओलहरींवर बसून येतच नाही.

आता, झोत कुठे वळवायचा हे टॉवरला कसं कळतं? फोन ठरावीक काळाने एक ठरलेला संकेत पाठवतो. तो प्रत्येक अँटेनाला किती मागेपुढे पोचला, हे टॉवर मोजतो आणि तोच हिशोब उलटा लावतो. जाणं-येणं एकाच वारंवारतेवर आळीपाळीने होतं, म्हणून हे जमतं. त्यासाठी शेजारच्या टॉवरांची घड्याळं ३ मायक्रोसेकंदांच्या आत जुळावी लागतात. ही वेळ टॉवर जीपीएसच्या उपग्रहांकडून घेतो. त्या अँटेनाच्या केबलमध्ये पावसाचं पाणी शिरलं, की घड्याळ हळूहळू सरकतं आणि शेजारी ऐकत असताना हा टॉवर बोलू लागतो.

अडचण अशी, की टॉवर सुमारे २०० वॅटने बोलतो, फोन ०.२ वॅटने. साध्या काचेतून निम्मी शक्ती पार होते. ऊन अडवणाऱ्या धातूच्या लेपाच्या काचेतून अडीचशेवा भाग, काँक्रीटच्या भिंतीतून ऐंशीवा. टॉवर ‘मी इथे आहे’ असं सतत सांगतो, ती घोषणा एवढं सोसूनही आत पोचते आणि काड्या त्या घोषणेवरच मोजल्या जातात. फोनचा क्षीण संकेत मात्र बाहेर पडेपर्यंत गोंगाटात बुडतो. मग अपलोड तर अडतंच, शिवाय नेम धरता न आल्याने डाउनलोडचा झोतही विखुरतो. अशा वेळी फोनमध्ये ४जी निवडून पाहावं, किंवा वायफाय कॉलिंग सुरू करावं. इमारतीसाठी खरा इलाज म्हणजे आतल्या मजल्यांवर छोट्या अँटेना बसवणं.

नेम बरोबर असूनही वेग पडतो तो विसर्जनाच्या दिवशी. वेगवेगळ्या दिशांचे झोत एकाच वारंवारतेवर एकाच वेळी अनेकांना सेवा देतात. ५जीचा मोठा फायदा हाच. पण लक्ष्मी रस्त्याच्या टोकाला असलेल्या अँटेनाला सगळी गर्दी एकाच अरुंद पट्ट्यात दिसते. २०० मीटरवर १३ अंशांचा झोत ४५ मीटर रुंद होतो, म्हणजे अख्खा रस्ता त्यात आला. झोत वेगळे करता येत नाहीत आणि सगळे पुन्हा एकाच रांगेत उभे राहतात. तिथे अँटेना रस्त्याच्या कडेने, दर शे-दीडशे मीटरवर, रस्त्याकडे आडव्या तोंडाने लावाव्या लागतात.