पार्श्वभूमी: रेणू वळला की प्रकाश का बदलतो?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मोबाइलच्या दुकानात हल्ली गिऱ्हाईक आधी ‘अमोलेड आहे का?’ असं विचारतं. अमोलेड म्हणजे वीज दिली की सेंद्रिय (कार्बनी) रेणू स्वतःच उजळतात असा पडदा. त्यातला रेणू सपाट असावा की पिळलेला, हा वाद मात्र प्रयोगशाळेबाहेर फारसा आलेला नाही.

पायरीनसारखे सपाट रेणू विरळ द्रावणात जांभळट उजळतात. द्रावण दाट केलं की ते चळतीतल्या भाकऱ्यांसारखे एकमेकांवर बसतात. मूळचा प्रकाश घटतो आणि जोडीचा निळसर, पसरट प्रकाश उरतो. ही नोंद १९५०च्या दशकातली. १९८७ मध्ये अशा पडद्यांचा पूर्वज असलेला दोन थरांचा सेंद्रिय दिवा आला, तरी ही अडचण सुटली नव्हती. चमकणारा पदार्थ दुसऱ्या पदार्थात जेमतेम काही टक्के मिसळून ती टाळली गेली, एवढंच.

२००१ मध्ये उलटं दिसलं. एक सिलिकॉन अणू असलेल्या पंचकोनी कड्याभोवती पाच फिनाइल गट (कार्बनची षटकोनी कडी) असलेला एक रेणू द्रावणात जवळजवळ विझलेला, पण पाणी घालून त्याचे कण पाडले की लख्ख. कारण असं दिलं गेलं: द्रावणात गट फिरतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते, घनात ते अडकतात, शिवाय पंख्यासारख्या आकारामुळे चळतही लागत नाही. आपल्याकडे वर्गात अजून एवढंच सांगितलं जातं, आणि ते अपुरं आहे. फिरणारे गट नसलेले, नुसतेच लवचीक रेणूही तसेच वागताना आढळले, तेव्हा ‘फिरणं’ काढून ‘हालचाल’ म्हणावं लागलं. टेट्राफिनाइलइथिलीन या असंच वागणाऱ्या रेणूमध्ये तर मधल्या दुहेरी बंधाचं पिळणं आणि नवं कडं तयार होणं, हेही प्रकाश गिळतात. शिवाय १९३०च्या दशकातच काही सपाट रंगद्रव्यं एकत्र आल्यावर चमकताना दिसली होती. ती एकावर एक नव्हे, सरकून बसलेली होती. मांडणी सोडून नुसत्या आकाराला श्रेय देणं म्हणूनच पटत नाही.

कोल्हापूरच्या विद्यापीठातही सेंद्रिय पदार्थांचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पाडून त्यांची चमक तपासण्याचं काम झालं आहे, बरंचसं धातूंचे आयन ओळखण्यासाठी.

२०१२ नंतर पिळाला भाव आला. इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा भाग एकमेकांना जवळपास काटकोनात ठेवले की प्रकाश देणारी आणि एरवी न देणारी अशा दोन उत्तेजित ऊर्जापातळ्यांमधलं अंतर कमी होतं आणि विजेमुळे तयार होणाऱ्या, पण एरवी वाया जाणाऱ्या ७५ टक्के उत्तेजित अवस्थाही प्रकाश देऊ शकतात. पण पीळ जास्त झाला की प्रकाश बाहेर पडण्याचा वेग मंदावतो, रंगही पसरतो. २०१६ मध्ये बोरॉन-नायट्रोजनच्या ताठर, बऱ्याचशा सपाट रेणूंनी रंगाचा पट्टा अरुंद केला. सपाटपणा परतला तशी चळतीची जुनी कटकटही परतली, आणि आता त्याच रेणूंच्या कडेला अवजड गट जोडून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवलं जातंय.