बहात्तरचा दुष्काळ आणि गरिबीचा अर्धा सुटलेला प्रश्न

जून १९७२ मध्ये स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोमला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरवली. ११३ देशांची शिष्टमंडळं आली होती. यजमान पंतप्रधान ओलोफ पाल्मे सोडले, तर सरकारप्रमुख म्हणून तिथे एकट्या इंदिरा गांधी हजर होत्या. १४ जूनच्या भाषणात त्यांनी सवाल केला, की दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का? तेव्हापासून हे वाक्य ज्याने त्याने आपल्या सोयीने वापरलं. कुणी त्यातून ‘गरीबच जंगल तोडतात’ असा अर्थ काढला, कुणी ‘आधी कारखाने काढू, झाडांचं नंतर बघू’ असा. भाषण पूर्ण वाचलं की दोन्ही अर्थ गळून पडतात. ज्यांच्या वस्तीत, झोपडीत, रोजच्या जगण्यातच घाण आहे त्यांना नद्या-समुद्र स्वच्छ ठेवायचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा, हा त्यांचा मुद्दा होता. गरिबी तशीच ठेवून पर्यावरण सुधारणार नाही, हा निष्कर्ष.

परिषद उठली आणि इकडे महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली. आधीची दोन वर्षंही ओढीची गेली होती. बहात्तरचा खरीप हातचा गेला, रब्बीला ओल राहिली नाही, विहिरी आटल्या. नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगलीचा पूर्वभाग, पुणे जिल्ह्यातला पुरंदर-बारामतीचा कोरडा पट्टा, सगळीकडे माणसं दुष्काळी कामावर गेली. मे १९७३ मध्ये या कामांवरची रोजची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली. राज्याची लोकसंख्या तेव्हा साधारण पाच कोटी होती. म्हणजे जवळजवळ दर दहावा माणूस खडी फोडत होता किंवा माती वाहत होता. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडं खाणं. जनावरं कवडीमोलाने गेली किंवा दावणीला मेली. माणसं मात्र, एवढ्या मोठ्या प्रमाणावर पीक बुडूनही, भुकेने लाखांनी मेली नाहीत. जगाच्या दुष्काळांच्या इतिहासात हे फार थोड्या ठिकाणी घडलं आहे, आणि आपण ते पुरेसं सांगत नाही याची मला खंत वाटते.

हे आपोआप घडलं नव्हतं. त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव होता, आणि त्याची सुरुवात फार क्रूर होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये इंग्रज सरकारने मदतीची कामं काढली, पण व्हाइसरॉयचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी एवढी खाली आणली की माणसाच्या वाट्याला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य येई. मजुरांनी कामं सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला जाब विचारला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळसंहिता तयार झाल्या: अमुक लक्षणं दिसली की काम काढायचं, अमुक अंतरावर काढायचं, मजुरी अशी ठरवायची. या संहितेचं ध्येय मात्र माणूस जगवण्यापुरतंच होतं. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही तर तो पुन्हा त्याच खडीच्या ढिगापाशी येऊन उभा राहणार, हे तिने गृहीत धरलं होतं.

ते गृहीत मोडायचा पहिला गंभीर प्रयत्न पुण्यात, गोखले अर्थशास्त्र संस्थेत झाला. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चात परवडतो ती रेषा त्यांनी धरली. १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिन्याला साधारण १५ रुपये, शहरात साधारण साडेबावीस रुपये. त्या हिशेबाने ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली सुमारे ५० टक्के माणसं रेषेखाली निघाली. आकड्यांवरून मोठा वाद झाला आणि अजूनही होतो. पण त्या अभ्यासाचा उत्तरार्ध जास्त मोलाचा आहे असं मला वाटतं. वाटायला पुरेशी जमीन नाही, त्यामुळे केवळ जमीनवाटपाने प्रश्न सुटणार नाही. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावं आणि त्या कामातून गावाची जमीन-पाण्याची दुरुस्ती व्हावी, असं त्यांनी मांडलं. गरिबाचं पोट आणि गावाची माती एकाच मजुरीतून सावरायची, ही कल्पना तिथे स्पष्ट आहे.

कागदावर ती आली तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ती आधीच करून पाहिली गेली होती. वि. स. पागे हे विसापूरचे, गांधीविचारांचे, १९६० पासून विधान परिषदेचे सभापती. १९६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने तिथे मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये वसंतराव नाईक सरकारने रोजगार हमी योजना राज्यभर आणली. दुष्काळाने ती काही काळ गिळली. दुष्काळी कामं संपल्यावर ती पुन्हा उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर १५ दिवसांत द्यायचं. दिलं नाही तर बेकारी भत्ता. दिवसांना मर्यादा नाही. पैसा आणायचा कुठून, तर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला, आणि त्यातून जेवढी रक्कम गोळा होईल तेवढीच भर सरकारने घालायची असं ठरलं. नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा कापले जाणारे ते २०० रुपये पाहताना आपण खेड्यातल्या कुणाच्या तरी मजुरीसाठी कर भरत आलो आहोत, हे किती जणांच्या लक्षात येतं? शहराने खेड्याला दिलेली ही भीक नव्हती. मुंबई-पुण्याची वाढ खेड्यातून आलेल्या माणसांवर झाली होती, त्याची ती थोडी परतफेड होती.

कामावर सगळ्यात जास्त आल्या त्या बायका. घराजवळ काम, मुकादमाच्या मर्जीपेक्षा मोजमापावर मजुरी, आणि पुरुषाएवढाच दर, हे शेतावरच्या मजुरीत कधी मिळालं नव्हतं. अर्थात मोजमापाने पिळवणूकही झाली. मुरमाड जमिनीत दिवसभर खणून निम्मी मजुरी पडायची, पगार आठवड्यांनी लांबायचे, खोटी मस्टरं (हजेरीपत्रकं) भरली जायची. युनियनांनी त्यावर मोर्चे काढले, कोर्टात धाव घेतली. हमी कागदावरून हातात पडली ती पुष्कळ अंशी या लढ्यांमुळे.

आता खरा अवघड भाग. पाझर तलाव बांधला, नालाबंडिंग झालं, म्हणजे नाल्यांवर आडवे बांध पडले, विहिरींना पाणी वाढलं. पण विहीर कुणाची? ज्याची जमीन ओढ्याकाठी, त्याची. ज्या भूमिहीन बाईने टोपल्याने माती वाहिली तिच्या वाट्याला मजुरी आली, आणि तिच्या श्रमातून अडवलेलं पाणी बागायतदाराच्या मोटारीतून उसाला गेलं. रोजगार हमीचा हा दोष मुळातला आहे. अधिकारी कितीही प्रामाणिक असता तरी तो टळला नसता, कारण पाण्यावर हक्क कुणाचा हे त्या कायद्यात नव्हतंच.

हा प्रश्न विलासराव साळुंखे यांनी ओळखला. ते पुण्याचे इंजिनियर, उद्योजक. बहात्तरला पुरंदर तालुक्यात खडी फोडणारी माणसं पाहून, यातून पुढचा दुष्काळ टळणार नाही, हे त्यांना दिसलं. नायगावला त्यांनी देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली, ताली घातल्या, तळं आणि विहीर केली, आणि तिथलं पीक गावाला दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. खर्चातला २० टक्के वाटा लाभधारकांनी घालायचा. गरिबी आणि निसर्ग या दोन्हींचा हिशेब एकाच वहीत लिहिणारं इतकं नेमकं उत्तर मला दुसरं माहीत नाही. काही गावांत ते रुजलं. राज्याचं धोरण मात्र कधी झालं नाही, कारण ‘ऊस लावायचा नाही’ हे वाक्य महाराष्ट्राच्या राजकारणाला झेपणारं नव्हतं.

याच काळात जगाच्या व्यासपीठावर भाषा पक्व होत होती. जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅकनामारा यांनी १९७३ मध्ये नैरोबीला आत्यंतिक दारिद्र्याचा विषय मांडला. १९८३ मध्ये नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांचा आयोग नेमला गेला आणि १९८७ मध्ये त्याने शाश्वत विकासाची व्याख्या दिली: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याची ताकद न घालवता आजच्या गरजा भागवणारा विकास. ही व्याख्या सगळे म्हणतात. तिच्या लगेच पुढे, गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या गरजा आणि त्यांना सर्वोच्च अग्रक्रम द्यायचा, असं लिहिलं आहे. ते मात्र भाषणांतून हमखास गळतं. १९९२ मध्ये रिओच्या पर्यावरण परिषदेत जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तत्त्व मान्य झालं. २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांची आठ सहस्रक उद्दिष्टं आली, २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं, मुदत २०३०. गरिबीची जागतिक बँकेची मोजपट्टीही बदलत गेली: १९९० चा दिवसाला एक डॉलर, मग १.२५, १.९०, २.१५ आणि २०२५ मध्ये तीन डॉलर. १.९० च्या रेषेने १९९० मध्ये जगातली ३६ टक्के माणसं आत्यंतिक गरिबीत होती आणि २०१५ मध्ये १० टक्के. मोठा वाटा चीनचा, मग भारताचा. उरलेल्या गरिबांपैकी निम्म्याहून अधिक आता सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, आणि त्यांतले पुष्कळ पावसावरच्या शेतीत.

त्या आफ्रिकेशी आपल्या दुष्काळी पट्ट्याचं एक खरं नातं आहे. साठीच्या दशकाअखेरीस कठीण खडकात बोअर घेणं शक्य झालं, पण बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, हातपंप महिनाभरात मोडायचे. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनरी आणि कारागिरांनी पोलादी, मजबूत पंप घडवले. सोलापूर पंपाच्या आधारे युनिसेफ आणि भारत सरकारने सत्तरीच्या दशकात इंडिया मार्क टू हा हातपंप तयार करवला. तो पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेला आणि जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी एक ठरला. पिण्याचं पाणी घरापाशी आणणारं हे तंत्र म्हणजे बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारी मोठी गोष्ट होती. पण ज्या यंत्राने पिण्यासाठी बोअर घेतली त्याच यंत्राने शेतासाठीही घेता येते, आणि मराठवाड्यात तेच झालं.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने हा धोका आधीच ओळखला. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचकीत गावाने समतल चर, बांध, झाडं ही कामं सरकारी योजनांतूनच करून घेतली, त्यांत रोजगार हमीही होती. फरक पडला तो ग्रामसभेच्या नियमांनी. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पावसाचं मोजमाप करून पिकांचा ताळेबंद. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं परत आली.

दुसरीकडे बीड जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर लाखो माणसं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक एकक. घराजवळ कामाची हमी देणाऱ्या पहिल्या राज्यात हे चालू राहिलं, कारण रोजगार हमी उशिरा पैसे देते आणि मुकादम आधी देतो. त्या उसाखाली लागवडीच्या जमिनीचा फार छोटा भाग आहे, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा तो घेतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं.

महाराष्ट्राचा कायदा २००५ मध्ये देशाच्या कायद्याचा पाया झाला: वर्षाला कुटुंबामागे १०० दिवस, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत, २००८ पासून सगळ्या ग्रामीण भारतात. त्याच २००५ मध्ये इथिओपियाने अन्न-मजुरीच्या बदल्यात मृद्‌संधारणाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. कामाची हमी जगाने उचलली. पाणी माणशी वाटण्याची गोष्ट कुणीच उचलली नाही.

राज्याने २००९ मध्ये भूजलाचा कायदा केला, २०१४ मध्ये तो अमलात आला. शेती आणि उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंदी आहे. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट. मराठवाड्यात ५०० फुटांखालच्या बोअर आजही घेतल्या जातात, त्यांतल्या कित्येक कोरड्या निघतात, आणि कोरड्या बोअरचं कर्ज शेतकऱ्याला फेडावंच लागतं.