रिकाम्या गोलचं गणित

कृष्णाकाठच्या एका यात्रेत कबड्डीचा बाद फेरीचा सामना होता. शेवटची तीन मिनिटं, आमचा सांगलीचा संघ ५ गुणांनी मागे. समोरचे चढाईपटू निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) ओलांडून निवांत परत जात होते, वेळ काढत होते. सर बाहेरून ओरडले, "वाट बघू नका, पुढं येऊन धरा!" पोरं पुढं झाली, पकडी फसल्या, सगळे बाद होऊन लोण चढला. १४ गुणांनी हरलो. घरी जाताना लोक सरांना नको ते बोलत होते. सर बरोबर होते असं मला तेव्हाही वाटलं, आणि त्यामागचं गणित पुढे आइस हॉकीत सापडलं.

बर्फावरच्या या खेळात एका बाजूचे सहा जण असतात, त्यातला एक गोलरक्षक. संघ एका गोलने मागे असेल, तर सामना संपता संपता प्रशिक्षक गोलरक्षकालाच बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी आणखी एक हल्लेखोर पाठवतो. आपला गोल सताड उघडा! १९३१ मध्ये बॉस्टन ब्रुइन्स संघाचे प्रशिक्षक आर्ट रॉस यांनी प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या सामन्यात हे केलं आणि ०-१ असे हरले.

२०१८ मध्ये क्लिफ ॲसनेस आणि ॲरन ब्राउन या गुंतवणूक क्षेत्रातल्या दोघांनी याचा हिशेब मांडला. एरवी दर १० सेकंदांत कुठल्याही संघाने गोल करण्याची शक्यता साधारण ०.६५ टक्के. गोलरक्षक काढला की आपली १.९७ टक्के होते, समोरच्याची मात्र ४.३० टक्के. पहिल्या नजरेला हा तोट्याचाच सौदा. पण याच आकड्यांवरून मी शेवटच्या एका मिनिटाचा हिशेब केला. गोलरक्षक ठेवला तर १०० पैकी जेमतेम ४ सामन्यांत बरोबरी होते, काढला तर १० सामन्यांत. समोरचा २२ सामन्यांत आधी गोल करून जातो, पण ते सामने बहुतेक हातातून गेलेलेच होते. एका गोलने हरा नाहीतर दोन गोलने, तक्त्यात पडतो तो पराभवच. म्हणून एका गोलने मागे असाल तर ६ मिनिटं १० सेकंद उरलेली असतानाच गोलरक्षक काढा, असं त्या दोघांचं उत्तर आलं.

प्रशिक्षक इतक्या लवकर सहसा हे करत नाहीत. आकडेमोड अवघड आहे म्हणून नव्हे. काही न करता हरलं की नशिबाला बोल लागतो, काही करून हरलं की माणसाला. मानसशास्त्रात हा कल चांगला ओळखीचा आहे. मला तर नेतृत्वाची खरी परीक्षा इथेच दिसते.

कोलोरॅडो ॲव्हलांच संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक पॅट्रिक रॉय स्वतः गोलरक्षक, खेळाडू म्हणून चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे या प्लेऑफचं विजेतेपद जिंकलेले. जन्मभर गोल राखलेल्या या माणसाने २०१४ च्या प्लेऑफमध्ये मिनेसोटाविरुद्ध पहिल्याच सामन्यात सुमारे तीन मिनिटं उरलेली असताना गोल रिकामा केला. १३ सेकंद राहिले असताना बरोबरी झाली, जादा वेळेत सामना जिंकला. मालिका मात्र सातव्या सामन्यात हरले.

आपल्या कबड्डीत असा हिशेब मांडायला फार काही लागत नाही. शेवटच्या पाच मिनिटांतली प्रत्येक चढाई, थांबून केलेली पकड, पुढं येऊन केलेली पकड, आणि कुणाला किती गुण. यंदाच्या यात्रांपासून मी वही घेऊन बसणार आहे. पहिलं पान सरांच्या त्या सामन्याचं.