अंडं, स्पिरिट आणि मागच्या बाकावरचा प्रश्न

यंदा मारबतीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत) नागपूरच्या महाल भागात ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांत कुणीतरी दारूलाही सोबत धाडून दिलं. पुढच्याच आठवड्यात मानेवाड्याकडच्या एका शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम होता आणि जीवशास्त्राचा मास्तर म्हणून मलाही बोलावणं होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी काचेच्या ग्लासात अंडं फोडलं, बलक काढून टाकला आणि उरलेल्या पांढऱ्यावर प्रयोगशाळेतलं स्पिरिट ओतलं. त्या पारदर्शक, बुळबुळीत द्रवात आधी पांढरे धागे उमटले, मग सगळाच उकडल्यासारखा गोळा झाला. ‘गरोदर बाई दारू पिते तेव्हा बाळाच्या मेंदूचं हे असं होतं!’ मुली ‘ई’ करून मागे सरकल्या. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगं उठलं. ‘सर, मंग पोटातलं बाळ बी नशेत राह्यते का?’

हशा पिकला आणि त्याला खाली बसवण्यात आलं. त्या दिवशी सभागृहात बोललं गेलेलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य ते होतं.

आधी अंड्याचा हिशेब मिटवू. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर आपल्याकडे गुन्हा होतो. २०० मिलिग्रॅमला माणूस झोकांड्या खातो. आता टक्केवारी काढा: २०० मिलिग्रॅम म्हणजे ०.२ टक्के. वक्त्यांचं स्पिरिट होतं ९० टक्क्यांच्या वर. इतकं अल्कोहोल बहुतेक प्रथिनांची घडी विस्कटतं, पण तेवढं रक्तात येण्याच्या कितीतरी आधी आई मेलेली असेल. घरी येऊन मी ओट्यावर दोन ग्लास मांडले. दोन्हींत पाणी, चिमूटभर मीठ (मीठ नसलं तर अंड्याचं पांढरं साध्या पाण्यातही गढूळ होतं) आणि एकेक चमचा अंड्याचं पांढरं. एकात सिरिंजने अर्धा मिलिलिटर स्पिरिट सोडलं. रात्रभर काही झालं नाही. सकाळी बायकोने दोन्ही ग्लास फेकायला लावले.

दारू बाळाचा मेंदू शिजवत नाही. ती जे करते ते ग्लासात दिसणारं नाही.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर ‘होय, राह्यते’ असंच आहे. वार (प्लासेंटा) म्हणजे चहाची गाळणी, वाईट ते वर अडतं आणि चांगलं ते बाळाला जातं, असा समज शिकलेल्या घरांतही पक्का आहे. पण इथेनॉलचा रेणू फार लहान, वर पाण्यातही विरघळणारा आणि स्निग्धातही. अशाला पेशीचं कुठलंच आवरण थोपवू शकत नाही. आईने घेतलेली दारू थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात जवळपास आईच्याच पातळीला पोचते. आईचं यकृत ती मोडू लागतं. बाळाच्या यकृतात त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) जेमतेम असतं. शिवाय बाळ गर्भजल गिळतं आणि त्यातच लघवी करतं. गर्भजलात उतरलेली दारू त्यामुळे पुन्हा पोटात जाते. आईची उतरेपर्यंत बाळाची सुटका नाही.

आता माझ्या आवडीच्या जागी आलो आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळतो.

गर्भातला मेंदू चेतापेशींची भरती गरजेपेक्षा जास्त करून ठेवतो. काही भागांत तर तयार झालेल्यांपैकी निम्म्या पुढे मरतात, अगदी निरोगी बाळातही. नियम असा की जिला शेजारणींशी जोडणी मिळाली आणि त्या जोडणीतून निरोप येत राहिले, ती जगली. जिच्याकडे निरोपच येत नाहीत तिने स्वतःला आवरून घ्यायचं. ही आवराआवर करणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत पहिल्यापासून बसवलेली असते. बॅक्स नावाचं प्रथिन तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम-सी बाहेर गळतं, त्याने कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि ती पेशीतली प्रथिनं कात्रीसारखी कापत सुटतात. पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात, ते भक्षक पेशी गिळून टाकतात. सूज नाही, व्रण नाही.

या व्यवस्थेत दारू शिरते. मेंदूत निरोपांचे दोन मुख्य प्रकार आहेत: ग्लुटामेट हे रसायन पेशीला चेतवतं, गाबा हे तिला शांत करतं. दारू ग्लुटामेटच्या एनएमडीए या ग्राहीचं (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या दाराचं) तोंड बंद करते आणि गाबाचा जोर वाढवते. मोठ्या माणसात याचं रूप आपण पाहतोच: जीभ जड, पाय सैल, मग घोरणं. सकाळपर्यंत मेंदू पूर्ववत चालू लागतो. पण ज्या वयात शांतता याचा अर्थ ‘तुझी गरज नाही’ असा होतो, त्या वयात तीच गुंगी जिवावर बेतते. चांगल्या धडधाकट पेशीही स्वतःला नको असलेल्या समजून आवरतं घेतात.

२००० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात क्रिसान्थी इकोनोमिडू, जॉन ओल्नी आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. त्यांनी सात दिवसांची उंदराची पिल्लं घेतली, कारण या वयात त्यांचा मेंदू माणसाच्या शेवटच्या तिमाहीतल्या बाळाच्या टप्प्यावर असतो. रक्तातली पातळी २०० मिलिग्रॅमच्या आसपास चारेक तास राहिली की मेंदूच्या अनेक भागांत मरणाऱ्या पेशींची संख्या नेहमीच्या अनेक पटींनी वाढत होती. नुसतं एनएमडीए अडवणाऱ्या किंवा नुसता गाबा वाढवणाऱ्या औषधांनीही तेच होत होतं. पुढे ज्या उंदरांत बॅक्सचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्या पेशी दारू देऊनही अशा मेल्या नाहीत.

यात एक मेख आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोवळ्या चेतापेशीत गाबा शांत करतच नाही, उलट चेतवतो! कारण त्या वयात एनकेसीसी-१ नावाचा पंप पेशीत क्लोराईड भरून ठेवतो. गाबाचं दार उघडलं की क्लोराईड आत येण्याऐवजी बाहेर पळतं आणि विद्युतभार उलट दिशेला सरकतो. क्लोराईड बाहेर काढणारा केसीसी-२ हा पंप पुढे कामाला लागतो, तेव्हा कुठे गाबा ब्रेक होतो. हा बदल मेंदूच्या प्रत्येक भागात वेगवेगळ्या दिवशी होत असल्याने गाबाच्या बाजूने नेमकं काय बिघडतं याचं एकच उत्तर निघत नाही. हा परिच्छेद आला की बायको लेख खाली ठेवते. तुम्हीही ठेवला असेल तर हरकत नाही, पुढचं त्यावाचून कळतं.

हे सगळं शेवटच्या तिमाहीचं. पहिल्या महिन्यात वेगळा घोळ होतो. नाक-ओठ घडवणारा भाग आणि पुढचा मेंदू तेव्हा एकमेकांना खेटून वाढत असतात. कॅथलीन सुलिक आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली उंदरांवर दाखवलं की माणसाच्या गर्भधारणेनंतरच्या साधारण तिसऱ्या आठवड्याशी जुळणाऱ्या वेळी दारू दिली तर पिल्लांचे चेहरेही दारूची बाधा झालेल्या मुलांसारखेच होतात: नाकाखालची खोबण सपाट, वरचा ओठ पातळ, डोळ्यांच्या फटी आखूड. तिसरा आठवडा म्हणजे पाळी नुकतीच चुकते तो काळ. बाईला पुष्कळदा काही माहीतच नसतं. फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लमोआन यांनी १९६८ साली अशा १२७ मुलांच्या नोंदी छापल्या, पण फ्रेंचमध्ये असल्याने फारशा कुणी वाचल्या नाहीत. १९७३ साली सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं तेव्हा ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव जगापुढे आलं.

खरी अडचण त्या मुलांची, ज्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि बाधित मुलांत जास्त तीच असतात. बुद्ध्यांकही पुष्कळदा सर्वसाधारण असतो. पण काल घडाघडा म्हटलेला सातचा पाढा आज आठवत नाही. गणित विशेष अडतं. आत्ता असं केलं तर पुढे तसं होईल, ही सांधेजोड जमत नाही, म्हणून त्याच चुकीसाठी तेच पोरगं दहाव्यांदा मार खातं. शाळा त्याला वांड म्हणते, घरचे नजर लागली म्हणून धागा बांधून आणतात.

धाग्यावरून आठवलं. आमच्याच नात्यात एका गरोदर मुलीला ग्रहणात भाजी चिरू दिली नाही, आणि त्याच आठवड्यात सर्दी झाली म्हणून कोमट पाण्यातून दोन चमचे ब्रँडी दिली! दोन चमच्यांनी आकाश कोसळत नाही. घाव सगळ्यात मोठा बसतो तो एका बैठकीत भरपूर पिण्याने आणि तसं वारंवार होण्याने. पण अमुक इतकी चालते, अशी सुरक्षित मात्रा आजवर कुणाला ठरवता आलेली नाही. रेड वाईन हृदयाला चांगली आणि मोहाची नैसर्गिक, हे ऐकून ऐकून कान किटले. इथेनॉलचा रेणू तिन्हींत तोच आहे. कळायच्या आधी घेतली गेली असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं आणि तिथून पुढे बंद करावी. मेंदू नऊ महिने घडत असतो, त्यामुळे थांबण्याचा फायदा कुठल्याही महिन्यात होतो. बापांनीही मिशीला पीळ देऊ नये. गर्भधारणेआधी नराला दारू दिली तरी पिल्लांच्या चेहऱ्याच्या घडणीत फरक पडतो, असं उंदरांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत दिसलं आहे.

पंधरा दिवसांनी मी त्या शाळेत पुन्हा गेलो, दोन ग्लास घेऊन. मीठ, पाणी, अंड्याचं पांढरं, आणि एकात अर्धा मिलिलिटर स्पिरिट. दारू कुठल्या ग्लासात, असं विचारलं. मागच्या बाकावरचा पोरगा पुढे आला, दोन्ही ग्लास खिडकीतल्या उजेडात धरून पाहिले आणि डावा दाखवला, कारण त्यात फेस जरा जास्त होता. वर्गातल्या बहुतेकांनी त्याचंच ऐकून हात वर केले.

दारू उजव्यात होती.